काँगो-रवांडा करार : दोषी कोण, हा प्रश्न कुणीच का विचारला नाही?

२७ जून २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये काँगो आणि रवांडा या दोन शेजारी देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी शांतता करारावर सह्या केल्या. ४ डिसेंबर २०२५ रोजी फेलिक्स त्शिसेकेदी आणि पॉल कागामे हे दोन्ही राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनला गेले आणि डोनाल्ड ट्रम्प यांच्या साक्षीने त्यांनीही सह्या केल्या. या दोन तारखांच्या आगेमागे जगभरच्या वर्तमानपत्रांत अग्रलेख आले, तज्ज्ञांचे स्तंभ आले. करार कुणी घडवला आणि त्यातून कुणाला काय मिळणार, याची चर्चा त्यात पानोपानी आहे. गुन्हा कुणी केला आणि ज्यांच्यावर तो झाला ती माणसे या करारात कुठे आहेत, हा प्रश्न मात्र शोधावा लागतो. आंबेडकरी चळवळीतल्या तरुणांनी हे लेखन नीट वाचायला हवे, कारण ही भाषा आपल्या ओळखीची आहे. अत्याचार झालेल्या गावात शांतता समितीची बैठक भरते, तेव्हा हीच भाषा बोलली जाते.

आधी वस्तुस्थिती पाहू. काँगोच्या पूर्व टोकाला उत्तर किवू आणि दक्षिण किवू हे प्रांत आहेत. त्यांची सीमा रवांडाला लागून आहे. १९९४ मध्ये रवांडात तुत्सी समाजाचा वंशसंहार झाला. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. संहार करणारे हुतू अतिरेकी पराभवानंतर काँगोत पळाले आणि त्यांच्यातल्या उरलेल्यांतून पुढे एफडीएलआर ही सशस्त्र संघटना उभी राहिली. त्यांचा बंदोबस्त करायचा म्हणून रवांडाने १९९६ मध्ये आणि पुन्हा १९९८ मध्ये काँगोत सैन्य घातले. तेव्हापासून पूर्व काँगोला स्वस्थता नाही. सध्या तिथे एम-२३ नावाचा बंडखोर गट लढतो आहे. या गटासोबत रवांडाचे तीन ते चार हजार सैनिक काँगोच्या भूमीवर असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०२४ च्या अहवालात म्हटले आहे. रवांडा हे नाकारते आणि आम्ही फक्त ‘बचावात्मक उपाय’ केलेत असे सांगते. जानेवारी २०२५ मध्ये एम-२३ ने गोमा शहर घेतले, फेब्रुवारीत बुकावू घेतले. जानेवारीपासून सात हजारांहून अधिक माणसे मेली, असे काँगोच्या पंतप्रधानांनी फेब्रुवारीतच संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत सांगितले होते.

करारात काय आहे? काँगोने एफडीएलआरचा बंदोबस्त करायचा, रवांडाने आपले ‘बचावात्मक उपाय’ मागे घ्यायचे, आणि दोघांनी मिळून आर्थिक सहकार्य करायचे. मुदत ९० दिवसांची. ज्या एम-२३ च्या ताब्यात ही शहरे आहेत, त्याची या करारावर सही नाही. त्याच्याशी वेगळी बोलणी कतारमध्ये चालू होती. ४ डिसेंबरलाच अमेरिकेने काँगोशी वेगळा सामरिक भागीदारीचा करार केला, आणि त्यात खनिजे आहेत.

पुढे काय झाले? पहिल्या सहीनंतर पंधरा दिवसही झाले नव्हते. ९ ते २१ जुलै या काळात उत्तर किवूमधल्या रुत्शुरू भागातल्या चार गावांत किमान ३१९ नागरिक मारले गेले. त्यात बहुतेक शेतकरी होते. एम-२३ ने रवांडाच्या सैनिकांच्या मदतीने हे केले, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने सांगितले. एम-२३ ने आरोप फेटाळला. डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या सह्या झाल्या आणि आठवडाभरात एम-२३ उविरा शहरात शिरले. जगभरातून दबाव आल्यावर तिथून माघारीची घोषणा झाली.

आता या सगळ्यावर कोणत्या प्रकारचे मत छापून आले ते पाहू. ढोबळमानाने तीन साचे दिसतात.

पहिला साचा श्रेयाचा. ट्रम्प यांना नोबेल मिळावे की मिळू नये, हाच यातला मुख्य प्रश्न. आपल्याकडे तर या साच्याला खास देशी फोडणी मिळाली. पहिल्या सहीच्या आठवडाभर आधी ट्रम्प यांनी जाहीर केले की काँगो-रवांडा आणि भारत-पाकिस्तान ही दोन्ही युद्धे थांबवूनही आपल्याला नोबेल मिळणार नाही. झाले! भारतीय भाष्यकारांना काँगो सापडला तो आपल्या दुखावलेल्या अभिमानाच्या संदर्भात. ट्रम्प भारताबद्दल चुकीचे बोलतात, मग काँगोबद्दलही फेकतच असणार, एवढाच त्यांचा रस. काँगोत भारतीय जवान १९६० पासून संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या शिरस्त्राणाखाली उभे राहिले आहेत, तिथे मेलेही आहेत. त्या देशाबद्दल आपल्या वाचकाला चार ओळी जास्त सांगाव्यात, असे या भाष्यकारांना वाटले नाही.

दुसरा साचा खनिजांचा. हा दिसायला जास्त हुशार आहे. अमेरिका विरुद्ध चीन, कोण किती खाणी मिळवणार, पुरवठा साखळीचे काय होणार, वगैरे. यातले बरेच खरे आहे. सहीच्या दिवशी खुद्द ट्रम्प यांनीच काँगोतल्या खनिजांचे बरेच हक्क अमेरिकेला मिळत असल्याचे सांगितले होते. पण या लेखांत एक घोळ वारंवार दिसतो. जगातला सुमारे ७० टक्के कोबाल्ट काँगोत निघतो, हा आकडा देऊन लगेच किवूच्या लढाईकडे बोट दाखवले जाते. कोबाल्टच्या खाणी दक्षिणेत, कटांगाच्या पट्ट्यात आहेत. किवूत निघते ते कोल्टन, कथील, टंगस्टन आणि सोने. कोल्टनपासून टँटॅलम मिळते आणि ते आपल्या मोबाईलमधल्या कपॅसिटरला लागते. उत्तर किवूतल्या एकट्या रुबायातून जगातले सुमारे १५ टक्के टँटॅलम येते. एप्रिल २०२४ मध्ये एम-२३ ने रुबाया घेतले, आणि तिथल्या व्यापारावर बसवलेल्या करातून हा गट महिन्याला सुमारे आठ लाख डॉलर कमावतो असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी नोंदवले. तिथे माणसे फावड्याने, हाताने खणतात, पोती पाठीवर वाहतात. या कामगारांची मजुरी, सुरक्षा, जमिनीवरचा हक्क, यांबद्दल करार काय म्हणतो, असे विचारणारा अग्रलेख शोधून पाहा. खनिजाचा भाव माहीत आहे, खणणाऱ्याचा पत्ता नाही.

तिसरा साचा सर्वांत जुना आणि सर्वांत घातक : ‘हुतू आणि तुत्सी यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे टोळीवैर’. जणू हे लोक लढायलाच जन्मले. हुतू आणि तुत्सी एकच भाषा बोलतात, एकाच डोंगरावर शेजारी राहतात. त्यांच्यात भेद पूर्वीही होता, पण तो कागदावर पक्का केला बेल्जियमच्या वसाहती सत्तेने. १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर गट लिहिला गेला. १९९४ मध्ये रस्त्यारस्त्यावरच्या नाक्यांवर तेच रकाने वाचून माणसे मारली गेली. आणि मारा म्हणून सांगत होते कोण? आरटीएलएम रेडिओ आणि ‘कांगुरा’ नावाचे वृत्तपत्र. त्यांच्या चालकांना आणि संपादकाला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये दोषी ठरवले. म्हणजे ज्या संहाराला आजचे पत्रकार ‘टोळीवैर’ म्हणतात, त्यात पत्रकारितेचाच हात होता. मराठी वाचकाला हा साचा नवा नाही. वस्तीवर हल्ला होतो आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते, ‘दोन गटांत हाणामारी’. ‘जुन्या वैमनस्यातून’. ‘किरकोळ वादातून’. हल्लेखोर आणि हल्ला झालेला एका शब्दात समान होऊन जातात.

या तिन्ही साच्यांना स्मरणशक्ती नाही. ३० जुलै २००२ रोजी याच दोन देशांनी दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया इथे करार केला होता. काँगोने रवांडाच्या हुतू अतिरेक्यांचा बंदोबस्त करायचा आणि रवांडाने सैन्य मागे घ्यायचे, असाच तो होता. मुदतही ९० दिवसांचीच होती. सही करणारे रवांडाचे अध्यक्ष तेव्हाही पॉल कागामेच होते. तेव्हा रवांडाचे सैन्य अधिकृतपणे परत गेले. पण काही वर्षांतच नव्या नावाचे बंडखोर गट उभे राहिले आणि त्यांना रवांडाचा पाठिंबा असल्याचे संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ सांगू लागले. २३ मार्च २००९ ला आणखी एक करार झाला. एम-२३ चे नावच त्या तारखेवरून आले आहे, कारण तो करार पाळला गेला नाही अशी त्यांची तक्रार होती. २०१३ मध्ये अदिस अबाबात अकरा देशांनी सह्या केल्या. इतक्या करारांनंतर नव्या कराराला ‘ऐतिहासिक’ म्हणायला पत्रकाराला इतिहास न वाचण्याची शपथच घ्यावी लागते.

हे करार एकामागून एक का मोडतात? इथे मला बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातला रोहिणी नदीचा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. शाक्य आणि कोलीय हे दोन शेजारी. नदीच्या पाण्यावरून भांडण पेटले, शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थ गौतमाने विरोध केला. आपल्याकडे हा प्रसंग बहुतेक वेळा ‘बुद्धांनी युद्धाला नकार दिला’ एवढ्यावर संपवला जातो. पण बाबासाहेबांनी तो सांगताना आणखी दोन गोष्टी ठळक केल्या आहेत. सिद्धार्थ आधी चौकशी मागतो. दोष कुणाचा आहे ते तपासा, आपल्या माणसांनीही आगळीक केल्याचे मी ऐकतो आहे, हे तो आपल्याच संघाला भर सभेत सांगतो. आणि मग निवाड्याची रीत सुचवतो : दोन माणसे शाक्यांची, दोन कोलीयांची, आणि या चौघांनी निवडलेला पाचवा. पंच दोन्ही बाजूंच्या विश्वासातला असला पाहिजे आणि दोष ठरला पाहिजे, अशा या दोन अटी आहेत. शांततेची बौद्ध कसोटी ही आहे. गोडीगुलाबीने गप्प बसणे ही ती कसोटी नव्हे.

वॉशिंग्टनच्या कराराला ही कसोटी लावा. पाचवा माणूस इथे खाणींचा ग्राहक आहे. आणि दोषाची चौकशी तर नाहीच. १९९३ ते २००३ या काळात काँगोत झालेल्या ६१७ सर्वांत गंभीर घटनांची नोंद संयुक्त राष्ट्रांनी २०१० च्या अहवालात केली. सामूहिक हत्या, बलात्कार, निर्वासितांच्या छावण्यांवरचे हल्ले त्यात आहेत. त्यांसाठी आंतरराष्ट्रीय न्यायालय अजून बसलेले नाही. बुकावूच्या पांझी रुग्णालयात बलात्कारपीडित स्त्रियांवर उपचार करणारे डॉ. डेनिस मुक्वेगे यांना २०१८ चे शांततेचे नोबेल मिळाले. त्यांनी या करारावर कठोर टीका केली : आक्रमण झाले हेच त्यात मान्य केलेले नाही, आणि न्यायाचा बळी देऊन पीडित देशालाच आपली संपत्ती वाटून घ्यायला लावले आहे. नोबेल कुणाला मिळावे यावर इतकी शाई खर्च झाली. ज्याला ते मिळाले आहे आणि जो त्याच भूमीतला आहे, त्याचे म्हणणे मात्र फार तर एका परिच्छेदात आले.

आता त्या माणसांबद्दल बोलू ज्यांना परिच्छेदही मिळाला नाही. रवांडा, बुरुंडी आणि पूर्व काँगोत हुतू आणि तुत्सींखेरीज त्वा नावाचा तिसरा समाज आहे. मुळात जंगलात राहणारे, पुढे मडकी घडवणारे लोक. रवांडात ते लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आसपास. इतरांनी त्यांच्यासोबत बसून जेवायचे नाही, त्यांच्या भांड्यातून प्यायचे नाही, त्यांच्याशी लग्न करायचे नाही, अशी रीत तिथे चालत आली आहे. ही जातिव्यवस्थाच आहे असा दावा मी करत नाही, पण भांड्याची शिवाशिव म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. १९९४ मध्ये त्वाही मारले गेले. त्यांच्या सुमारे एकतृतीयांश लोकांचा बळी गेला असा अंदाज आहे. तरी संहाराची गोष्ट दोनच समाजांची सांगितली जाते. दक्षिण किवूत काहुझी-बिएगा अभयारण्यासाठी १९७० च्या दशकात त्यांना जंगलातून हाकलले. हा त्यांच्या हक्कांचा भंग होता असा निर्णय आफ्रिकी मानवाधिकार आयोगाने दिला, आणि तो २०२४ मध्ये जाहीर झाला. ते अभयारण्य आज याच युद्धाच्या पट्ट्यात आहे. करार झाला, आर्थिक सहकार्य ठरले, जमिनीखालच्या संपत्तीची मांडणी झाली. त्या जमिनीवरून उठवलेल्या माणसांचा प्रतिनिधी कोणत्या टेबलावर होता? गोलमेज परिषदेत बाबासाहेबांचे भांडण नेमके याच मुद्द्यावर होते. आमच्या वतीने दुसरा कुणी बोलणार नाही, आमची जागा वेगळी हवी. त्वांच्या बाबतीत तर हा प्रश्न कुणी उपस्थितही केला नाही.

इथे आपल्याच काही मित्रांशी भांडायचे आहे. समाजमाध्यमांवर चळवळीतले काही तरुण कागामे यांचे कौतुक करतात. गोऱ्यांना तोंडावर सुनावणारा नेता, स्वच्छ किगाली, संसदेत निम्म्याहून अधिक स्त्रिया, आणि ‘हुतू-तुत्सी हा भेदच कायद्याने संपवला’. यातल्या काही गोष्टी खऱ्या आहेत आणि संहारानंतर ओळखपत्रावरचा तो रकाना पुसणे समजण्यासारखे आहे. पण पुढे काय झाले ते पाहा. भेदाचे नाव घेणे हाच ‘विभाजनवाद’ नावाचा गुन्हा झाला. त्वांच्या संघटनेला आपल्या नावातून मूलनिवासी असल्याचा उल्लेख काढून ‘कुंभार समाज’ असे नाव घ्यावे लागले. अन्याय ज्या ओळखीमुळे झाला, तिचे नाव घेतल्याशिवाय त्याची मोजणी कशी करणार? आपल्याकडे ‘आता कुठे राहिली जात, तुम्हीच जात जात करता’ असे म्हणणाऱ्यांना आपण काय उत्तर देतो? तेच उत्तर किगालीलाही लागू आहे. गोऱ्या सत्तेला विरोध केला म्हणून शेजाऱ्याच्या घरात घुसण्याचा परवाना मिळत नाही.

आणि किन्शासाही निर्दोष नाही. काँगोच्या सैन्याने एफडीएलआरशी हातमिळवणी केल्याचे संयुक्त राष्ट्रांच्याच अहवालांत आहे. पिढ्यान्‌पिढ्या काँगोत राहणाऱ्या तुत्सींना १९८१ च्या नागरिकत्व कायद्याने परके ठरवले होते. आजही त्यांच्याविरुद्ध उघड विखारी प्रचार होतो. शोषिताची बाजू घेणे म्हणजे एका सरकारची बाजू घेणे नव्हे, हे आपण विसरता कामा नये.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येईल. अपुरी का होईना, शांतता हवी की नको? रोज माणसे मरत असताना न्यायाचा हट्ट धरणे ही घरात सुरक्षित बसलेल्यांची चैन नाही का? काँगोत लाखो माणसे विस्थापित आहेत. बंदूक एक दिवस थांबली तरी त्यांना तो दिवस हवा आहे, हे मला मान्य आहे. म्हणून करार फाडा असे मी म्हणत नाही. पण पत्रकाराचे काम सही करणाऱ्याच्या कामापेक्षा वेगळे आहे. मुत्सद्द्याला कधीकधी गप्प बसावे लागते. लिहिणाऱ्याला तशी सक्ती नाही, तो स्वतःहून गप्प बसतो. शिवाय सामाजिक कामात मी जे पाहत आलो आहे ते असे : गावात अत्याचार झाला की आधी पीडित कुटुंबावर समझोत्याचा दबाव येतो. तक्रार मागे घ्या, गावात शांतता राहू द्या. कुटुंब झुकते, गाव शांत होते, आणि पुढचा हल्ला करणाऱ्याला आधीच कळलेले असते की शेवटी समझोताच होतो. प्रिटोरियापासून वॉशिंग्टनपर्यंतच्या २३ वर्षांत किवूत हेच घडले आहे. न्यायाशिवायची शांतता जीव वाचवते असे म्हणणाऱ्यांनी रुत्शुरूचे ३१९ मृत्यू आपल्या हिशेबात कुठे बसतात ते सांगावे.

प्रस्थापित पत्रकारितेने हे का लिहिले नाही, याचे उत्तर बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला तेव्हाच दिले होते. ज्या समाजाच्या हातात वर्तमानपत्र, त्याच्या हिताची तेवढी बातमी. पैसे देऊनही ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात छापली नव्हती. शंभर वर्षांनी चित्र किती बदलले? २०१९ च्या एका अभ्यासात भारतीय माध्यमांतल्या नेतृत्वाच्या १२१ जागा तपासल्या गेल्या. त्यातल्या १०६ जागांवर सवर्ण होते, अनुसूचित जाती-जमातींतले एकही नव्हते. ज्या टेबलावर आपला माणूस नाही, तिथे त्वांची आठवण कुणाला येणार? आणि म्हणूनच ‘आपले प्रश्न कमी आहेत का, आफ्रिकेचे कशाला?’ असे म्हणणाऱ्यांनी थोडे मागे वळून पाहावे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉईस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढच्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाची प्रत मागवली. जगातल्या शोषितांकडे पाहण्याची सवय आपल्या चळवळीला जन्मापासून आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कोणत्याही शांतता करारावरचा अग्रलेख वाचाल, तेव्हा चार प्रश्न हाताशी ठेवा. दोषाची चौकशी करणारे कलम आहे का? मध्यस्थाचा त्यात धंदा आहे का? सर्वांत खाली दबलेल्या समाजाचा प्रतिनिधी स्वतःच्या नावाने हजर होता का? आणि याच पक्षांनी याआधी काय काय कबूल केले होते? आपल्या अभ्यासवर्गांत एक तास किवूसाठी द्या. तिथल्या डॉक्टरांनी, खाणकामगारांनी, त्वा कार्यकर्त्यांनी जे म्हटले आहे ते शोधून मराठीत आणा, आपल्या पाक्षिकांत छापा. मोठी वर्तमानपत्रे ते करणार नाहीत. ‘मूकनायक’ निघाला तोही याच कारणाने.

जय भीम.